यमुनेची हाक

सांगली, फेब्रुवारी १९७२

प्रिय सयाजी,

‘चिरंजीव’ हा मायना आता असत्य ठरेल, म्हणून टाळला. तू युद्धात कामी आल्याची तार आली, तेव्हापासून यमुना बोलेनाशी झाली आहे. तिला माहेरी आई नाही. नर्स आबेदाबाई गरोदर बायकांना स्वतःच्या घरी बाळंतपणाची तयारी शिकवतात, म्हणून तिथे तिला मीच नेतो. सासरा पाहून बायका हसल्या.

“आवं मास्तर, लाजताय काय? सोबत्यानं हात धरायचा असतो,” आबेदाबाई म्हणाल्या. मी धरला.

“पोरी, अशी घुसमटलीस तर लय जड जाईल. कळ आली की आपल्या माणसाला हाक मारत श्वास सोड,” त्या यमुनेला म्हणाल्या.

“मला न्हाई जमायचं,” यमुना पुटपुटली. मग पदर सावरून, डोळे मिटून तिने हाक मारली, “सयाजी!”

आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. तिच्या तोंडून ते मी प्रथमच ऐकले.

मृतांना ऐकू येत नाही, हे माझे मत कायम आहे. परंतु उत्तराची वाट पाहत तिचा श्वास छातीतच अडकला होता. म्हणून मी ‘ओ’ दिली. तेव्हा तो सुटला, आणि ती रडली.

पत्ता नसल्यामुळे हे पत्र टपालात न टाकणारा,
तुझा आबा