अडकलेल्या लिफ्टची ताजी आकडेवारी

ती. मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला थांबल्याचं आईकडून कळलं. मामींनी औषध थांबवल्याचं मात्र कळलं नाही, तेव्हा माझी सहानुभूती आहेच. इकडे सगळे ठणठणीत. माझी नोकरीही गेल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत होती. ती कशी हादरली ते सविस्तर सांगते, कारण आईला सांगितलं तर ती जेवायची नाही.

तुम्ही मागे विचारलं होतं, की लिफ्टच्या कंपनीत संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीचं काय काम? (तेव्हा मी रागावले होते. आता नाही.) काम साधं होतं. शहरभर आमच्या लिफ्ट आहेत. कुठली कधी नि किती वेळ अडकली याची फाइल महिनाअखेरीस माझ्याकडे यायची, मी ती सॉफ्टवेअरमध्ये घालून आलेख काढायचे, आणि बैठकीत सगळे जण तो न बघता चहा प्यायचे. सुखाचा संसार होता. त्यात नवे साहेब आले. त्यांना शिळं काही चालत नाही, म्हणून आम्ही त्यांना ताजेसाहेब म्हणतो (पाठीमागे). त्यांनी फर्मान काढलं: लिफ्टमधली यंत्रं आपली माहिती क्षणोक्षणी क्लाउडवर पाठवतातच, तर तुमचं सॉफ्टवेअर थेट क्लाउडला जोडा. आलेख डोळ्यांसमोर हलला पाहिजे!

आता जोडणं म्हणजे नळाला पाइप लावण्यासारखं असेल असं तुम्हाला वाटेल. साहेबांनाही तेच वाटलं. क्लाउडवाल्यांनी एक चावी दिली, म्हणजे लांबलचक अगम्य अक्षरं. ती टाकली की दार उघडतं, पण थोड्या वेळाने चावी आपोआप मरते. नवी मागायला फोन करावा, तर पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणते, "आधी आपली चालू चावी सांगा." शेवटी कशीबशी जोडणी झाली, आणि पहिल्याच सकाळी निम्म्याहून अधिक लिफ्ट बंद दिसल्या. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खोदून विचारल्यावर उलगडा झाला: क्लाउडवर 'बंद' म्हणजे दार बंद, आणि आमच्याकडे 'बंद' म्हणजे लिफ्ट बंद. त्यामुळे जी दार लावून इमानेइतबारे वर चालली होती ती आमच्या लेखी मेलेली, आणि जी दार उघडं टाकून खरोखर मेली होती ती धडधाकट. तेही निस्तरलं. मग साहेबांनी दुरुस्ती विभागाला तक्रारीचे फोन घेणं थांबवायला सांगितलं. फोन म्हणजे शिळी बातमी. त्यांनी माझीच स्क्रीन बघायची, लाल दिसेल तिकडे धावायचं.

मग आली मोठी बैठक. मालकीणबाई यायच्या होत्या. त्यांना उशीर झाला तसं साहेबांनी बाकीच्यांसमोर सुरुवात केली. भिंतीवर आलेख हलत होता आणि साहेब त्याच्याकडे नव्या बाळाकडे बघावं तसे बघत होते. तेवढ्यात आलेखातून एक लाल रेघ खिळ्यासारखी वर आली.

"हे काय?" साहेब कुजबुजले.

"एक लिफ्ट अडकलीय. आत वजन दिसतंय, म्हणजे माणूस आहे."

"कुठली लिफ्ट?"

"नुसता क्रमांक येतो, साहेब. पत्ते दुरुस्तीवाल्यांच्या तक्त्यात आहेत. ते आपण घेतले नाहीत, तुम्हीच नको म्हणालात."

"सगळी सरासरी नासवतेय ती. काढा तिला."

आमच्या शास्त्रात, मामा, एखादा आकडा फारच फटकून वागला तर त्याला हिशेबाबाहेर ठेवायची सोय आहे. कारण तपासून ठेवायचं असतं, हे मला पाठ आहे. पण साहेब खांद्यावर उभे होते. मी काढलं. खिळा गेला, सरासरी झळाळली, टाळ्या पडल्या. आणि दुरुस्ती विभाग बघत होता तीच ही स्क्रीन, हे टाळ्या संपताना माझ्या डोक्यात शिरलं. मी विभागाला फोन लावला. हुकमाप्रमाणे कुणी उचलला नाही. साहेबांचाही फोन एकसारखा थरथरत होता. त्यांनी तो पालथा घातला. तशात भिंतीमागून धाडधाड आवाज यायला लागला. "शेजारी बांधकाम चालू आहे," असं साहेबांनी सर्वांना सांगितलं.

मी न विचारता तो आकडा परत आणला. भिंतीवर वीतभर अक्षरांत वजन उमटलं. धाड झालं की आकडा उडायचा. पुन्हा धाड, पुन्हा उडी.

"साहेब," मी म्हणाले, "हा आकडा लाथा मारतोय."

तशीच बाहेर पळाले, दुरुस्तीवाल्या काकांना दंडाला धरून आमच्याच ऑफिसच्या लिफ्टपाशी आणलं. दार उघडलं. आतून मालकीणबाई निघाल्या, एक चप्पल पायात, एक हातात. (भिंतीवरचं वजन सगळ्यांनी वाचलं होतं. आकडा तुम्हालाही सांगत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे.)

"मी अडकलेय हे कुणाला कळलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"अगदी पहिल्या क्षणापासून!" साहेब अभिमानाने म्हणाले. "लाइव्ह!"

"मग काढलं का नाही?"

"काढलं होतं, बाई," माझ्या तोंडून निघून गेलं. "हिशेबातून."

नोकरी गेलीच असं मी धरून चालले होते. पण बाई आधी माझ्याकडे वळल्या, मग साहेबांकडे, आणि हातातली चप्पल पायात घालून बसल्या. साहेबांनी समिती नेमली. समितीने ठरवलं, की लाइव्ह माहिती यापुढे नीट तपासून, महिनाअखेरीस लाइव्ह दाखवावी. दुरुस्ती विभाग पुन्हा फोन उचलतो. साहेबांना दूरदृष्टीबद्दल बढती मिळाली.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. तुमच्या नव्या इमारतीचे सचिव तुम्ही आहात हे साहेबांना कुठूनसं कळलंय. त्यांच्या आग्रहावरून, तुम्ही आमचीच लिफ्ट बसवावी म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. "पत्र वाचून प्रभावित झालो" एवढी एक ओळ कंपनीच्या पत्त्यावर पाठवा.

दुसरा ता. क. आणि जिने चांगले रुंद बांधून घ्या.