करडी गाय, सहा भिंतींची

ताश-बुलाक
१२ जानेवारी २०१४

चि. नूरजात हिस,
इशेनमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. हे पत्र शार्शेनच्या गाडीतून पाठवतोय. ई-मेल करा असं सांगू नकोस. कागद कुठल्याही चष्म्यातून उघडतो. तू केलेलं आपल्या कारखान्याचं नवं संकेतस्थळ मात्र वाचनालयातल्या एकुलत्या एका संगणकावर उघडत नाही, हे कळवायलाच पेन हातात घेतलं.

अगदीच उघडत नाही असं म्हटलं तर तुझ्यावर अन्याय होईल. पांढरं पान उघडतं. छान पांढरं आहे. मधोमध एक गोल फिरतो. ग्रंथपालबाई म्हणाल्या की गोल फिरतोय म्हणजे काहीतरी येणार आहे. मी, तुझी मामी आणि बाई, तिघं दोन-दोन पेले चहा होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसलो. मग अक्षरं आली, आणि त्यांत मध्ये मध्ये रिकाम्या चौकटी. मला वाटलं, गिऱ्हाइकानं भरून पाठवायचा फॉर्म आहे. तू कॉलेजात असताना केलेलं जुनं पान साधंच होतं: वर नाव, मग फोटो, खाली दुकानाचा नंबर. पण ते दिसायचं.

आता कामाचं. उन्हाळ्यात सरोवराकाठी जी जत्रा भरणार आहे, तिच्यासाठी जिल्ह्याच्या संस्कृती कचेरीला बारा बोझ-उय, आपली करडी तंबूघरं, हवीत. अस्सल, लाकडी सांगाड्याची, वर बुरणूस घातलेली. या वर्षीपासून कारागिरांनी हेलपाटे घालायचे नाहीत. वीस फेब्रुवारीच्या सभेत साहेब एकेकाचं संकेतस्थळ पडद्यावर उघडून ठरवणार. हे काम मिळालं तर तिलेक इथे राहील. नाही मिळालं तर नूरुझचा सण झाला की तो मॉस्कोला गोदामात ओझी उचलायला जाणार. तसं त्यानं तोंडावर सांगितलंय, आणि माझाच मुलगा असल्यामुळे तो सांगितलेलं करतो. मला तो एकच आहे, नूरजात. माझ्यानंतर सांगाड्यासाठी वाळुंजेची ओली काठी वाकवता येणारा या गावात दुसरा कुणी नाही. तेव्हा तेवढ्या चौकटींचं बघ.

मामी बरी आहे. लोभ आहेच, तो तुझ्या त्या गोलासारखा नुसता फिरत न राहो.
तुझा मामा,
इशेन

बिश्केक
२० जानेवारी २०१४

तीर्थरूप इशेनमामा यांस,
नूरजातचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. शार्शेनकाकांनी ते सुकवलेल्या माशांच्या पिशवीत ठेवलं होतं, त्यामुळे तुमचे शब्द जरा जास्तच झोंबले.

मामा, वाचनालयातला तो संगणक आणि मी बहुतेक एकाच वर्षी शाळेत जायला लागलो. त्यातला ब्राउझर इतका म्हातारा आहे की ज्यांनी तो बनवला तेही आता त्याला ओळख देत नाहीत. आमच्या ऑफिसात चार ब्राउझर आहेत. चारही नवे. चारांतही पानावरचं तुमचं घर लोण्यासारखं फिरतं. हो, फिरतं! बोटानं ओढलं की पूर्वेचं दार पश्चिमेला जातं. त्यासाठी मी दोन महिने खपले. आणि कृपा करून जुन्या पानाचं कौतुक करू नका. ते पान होतं की थडग्यावरचा दगड? नाव, फोटो, खाली आकडे.

चौकटींचं म्हणाल तर मी निवडलेली देखणी अक्षरं रशियन लोकांनी काढलेली आहेत. आपली तीन जास्तीची अक्षरं त्यांत नाहीत. नवा ब्राउझर ती दुसरीकडून मागून आणतो, तुमच्या म्हाताऱ्याला तेवढी अक्कल नाही. काल दुपारी मी त्याचा बंदोबस्त केला. जुना ब्राउझर समोर आला की चौकटीच्या जागी त्यातल्या त्यात जवळचं रशियन अक्षर बसतं. आम्ही सगळे फोनवर असंच लिहितो, कुणाचं काही अडत नाही. आता एकही चौकट उरलेली नाही. जाऊन बघा आणि मला शाबासकीचं पत्र पाठवा.

तिलेकदादाला सांगा, मॉस्कोची तिकिटं बघत बसू नकोस, बारा घरांच्या काठ्या तासायला घे. मामीला नमस्कार. आपला लोभ नव्या पानावरही जडावा, ही विनंती.
आपली भाची,
नूरजात

ताश-बुलाक
२२ फेब्रुवारी २०१४

चि. नूरजात हिस,
अ. उ. आ. कोळसा संपल्यामुळे वाचनालय महिनाभर बंद होतं. त्यामुळे तुझा बंदोबस्त मी पहिल्यांदा पाहिला तो थेट सभेत, शंभर माणसांबरोबर, भिंतीएवढ्या पडद्यावर. एवढा मान तू मला देशील असं वाटलं नव्हतं.

शहरात राहून विसरली असशील म्हणून लिहितो. आपल्या भाषेत दोन ‘ऊ’ आहेत. सरळ पायाचा लिहिला की ‘उय’ म्हणजे घर. वाकड्या शेपटीचा लिहिला की ‘उय’ म्हणजे गाय. रशियनांकडे फक्त शेपटीचा आहे. तुझ्या कृपेनं माझ्या सगळ्या घरांना शेपट्या फुटल्या.

कचेरीचा संगणक वाचनालयातल्याचा थोरला भाऊ निघाला. साहेबांनी पान मोठ्यानं वाचलं. आवाज खणखणीत आहे त्यांचा. करडी गाय, सहा भिंतींची. पांढऱ्या बुरणुसाची. दार लाकडी, कोरीव. आत बारा माणसं आरामात झोपतात. दोन तासांत सुटी करून ट्रकमध्ये भरता येते. धूर वरून बाहेर जातो. लग्नकार्यासाठी भाड्यानंही मिळेल.

साहेबांनी विचारलं की दूध किती देते. सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, कारण अशा वेळी न हसणारा माणूस आणखीच गाय दिसतो. मग ते म्हणाले, फोटो बघू. फोटोंवर टिचक्या मारल्या, काही उघडलं नाही. फिरणारं घर जागचं हललं नाही. फोन नंबर म्हणे एका बटणाखाली आहे. ते दाबून दाबून साहेबांचं बोट दुखायला लागलं. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी स्वतः इथे आलोय, काय हवं ते विचारा. तर म्हणाले, नियमाप्रमाणे संकेतस्थळ बघायचंय, माणूस नाही.

काम कुबातला मिळालं. कुबात लोखंडी पाइप जोडतो, त्यावर ट्रकची ताडपत्री ताणतो आणि त्याला बोझ-उय म्हणतो. त्याच्या पानावर लाल अक्षरं लुकलुकतात आणि कोपऱ्यात एक ट्यूलिपचं फूल डोलतं. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला भोवळ येईल. पण सगळं उघडतं. फोटो उघडतात, नंबर दिसतो, फूलसुद्धा वेळेवर डोलतं.

तिलेक माझ्या शेजारीच बसला होता. घरी आल्यावर त्यानं तासलेल्या काठ्यांच्या मोळ्या बांधल्या आणि कुणाला देऊन टाकायच्या ते मला विचारलं.

प्रकृतीला जप. लोभ कमी झालेला नाही, जरा लंगडतोय एवढंच.
तुझा मामा,
इशेन

बिश्केक
२ मार्च २०१४

तीर्थरूप मामा यांस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसू फुटलं, मग स्वतःचीच लाज वाटली, आणि मग साहेबांचा संताप आला. शंभर माणसांत एकालाही कळलं नसेल का, की ते घर आहे? फोनवर आपण सगळेच घराला गाय लिहितो. ‘गायीत आहेस का, गायीत ये’ असं मामी मला दर आठवड्याला लिहिते, आणि मी काही गोठ्यात जात नाही.

मी कचेरीला फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या की निर्णयाविरुद्धची तक्रार कचेरीच्या संकेतस्थळावरून करायची. ते संकेतस्थळ फक्त त्या म्हाताऱ्या ब्राउझरात उघडतं. माझ्याकडे चार आहेत, तेवढा नाही. हसा आता!

दादाला मेपर्यंत थांबवा. मी काहीतरी करते. शेपट्या तर आजच कापल्या.

आपला लोभ लंगडत का होईना, चालत राहावा.
आपली,
नूरजात

ताश-बुलाक
२५ मार्च २०१४

चि. नूरजात हिस,
आशीर्वाद.

कळलं होतं. शंभरच्या शंभर जणांना कळलं होतं. मामीची चिठ्ठी तू वाचतेस तेव्हा तुला मामी हवी असते, म्हणून गायीचं घर होतं. ज्याला काम दुसऱ्यालाच द्यायचं असतं, त्याला घराची गाय करायला एक शेपूट पुरते. ती आपण त्याच्या हातात दिली.

तिलेक परवा गेला. नूरुझचा गोड सुमोलोक त्यानं खाल्ला नाही, डब्यात घालून नेला. स्वतःची हत्यारं तेल लावून माझ्या फळीवर ठेवून गेलाय.

मला राग आहे, पण तो गायीचा नाही. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की इथे दिसत नाही. तू उत्तर दिलंस की तिथे दिसतं. पान माझं होतं ना?

इशेन

बिश्केक
१२ एप्रिल २०१४

तीर्थरूप मामा यांस,
साष्टांग नमस्कार. चूक माझी आहे. तुमचं पान मी ऑफिसातल्या पोरांनी वाहवा करावी म्हणून केलं, तुम्ही बघावं म्हणून नाही. दादाला माझ्यामुळे जावं लागलं. माफ करा.

बाजारातून वाचनालयातल्यासारखाच एक संगणक शोधून आणला. विकणारा मला वेडी समजला. तो आता माझ्या टेबलावर असतो. ऑफिसातले त्याला ‘मामा’ म्हणतात, कारण तो सावकाश चालतो आणि दर गोष्टीला आधी नाही म्हणतो. जे त्याला उघडता आलं नाही ते मी ठेवलं नाही. फिरणारं घर गेलं. देखणी अक्षरं गेली. आता साध्या अक्षरांत सगळं आहे, ऊचे पाय सरळ आहेत, फोटो दिसतात आणि नंबर सगळ्यांत वर आहे. जुन्या फोनांवरही उघडून पाहिलं, अगदी आमच्या रखवालदाराच्या फुटक्या फोनवरसुद्धा.

बारा घरांचं काम यानं परत येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी एकदा वाचनालयात जाऊन बघाल का? तुम्ही नापसंत केलंत तर पुन्हा करीन.

रागासकट लोभ असू द्यावा.
आपली,
नूरजात

ताश-बुलाक
१९ मे २०१४

चि. नूरजात हिस,
मामाचे आणि मामीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. पान पाहिलं. बसायच्या आत उघडलं, त्यामुळे ग्रंथपालबाईंचा चहा हुकला. बटणं नाहीत हे पाहून मामीला तू आजारी आहेस की काय अशी शंका आली. मला पसंत आहे.

आजवर तीन फोन आले. एकानं दोन घरं सांगितली आहेत, तेवढं या उन्हाळ्यात मी एकटा रेटून नेईन. दुसरा चुकून लागलेला. तिसरा रविवारी दुपारी आला.

मी दुकानाच्या आवाजात बोललो. पलीकडचा माणूस म्हणाला की तो मॉस्कोत असतो, सोबत्याच्या जुन्या फोनवर आमचं पान दिसलं, म्हणून चौकशी करतोय. आवाज मी पहिल्याच शब्दाला ओळखला. गेल्यापासून तो मामीशी बोलतो, माझ्याशी नाही. आणि मीही कधी फोन मागून घेतला नाही. त्यानं विचारलं, सहा भिंतींच्या घराची वाळुंज कुठल्या महिन्यात तोडता. मी सांगितलं. वाफ किती वेळ देता. सांगितलं. वाकवताना काठी तडकली तर काय करता. तेही सांगितलं. हे सगळं त्याला वयाच्या नवव्या वर्षापासून पाठ आहे, मीच शिकवलंय. मग त्यानं विचारलं, कारखान्यात माणूस हवाय का.

मी म्हणालो, हवाय. काम सध्या थोडं आहे, पण माणूस हवाय. एवढं बोलताना माझा दुकानाचा आवाज गेला, नूरजात. मला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं की खुर्चीला धरून बसलो. तो म्हणाला, विचार करून कळवतो. आणि म्हणाला, तुमचा नंबर जरा सांगा, लिहून घेतो.

हा नंबर तो बोलायला शिकला तेव्हापासून आपल्याकडे आहे, आणि त्याच नंबरावर तो बोलत होता. मी एकेक आकडा सावकाश सांगितला. तो माझ्यामागून एकेक म्हणत गेला. संपल्यावर म्हणाला, पुन्हा एकदा सांगा.

मी पुन्हा सांगितला. पत्र लिहीत जा, आणि आमच्यावर लोभ असू दे.
तुझा मामा,
इशेन