प्लेसमेंट टेस्टची दुपार

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी परीक्षा म्हटलं की तुम्ही दिसता. दुबईत जबल अली बंदराच्या गोडाऊनमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात कामावरचे सेफ्टी शूज. मी रत्नागिरीला बारावी करून अम्मीबरोबर दुबईला आले होते, आणि तुमच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. मग साठी, व्हिसा खलास, सगळे गावाला. डिप्लोमाही दोनच वर्षांचा. पण कुठल्या वर्गात बसवायचं ते कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट ठरवणार होती. तीत कमी पडलं तर आधी एक वर्ष तयारीच्या वर्गात, म्हणजे डिप्लोमा अर्ध्यावर सोडून निघायचं. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त धास्ती होती.

तयारी तुम्हीच करून घेतलीत. अम्मी बांगडे तळतेय आणि तुम्ही किचनच्या दारात स्टुलावर बसून मला गणितं घालताय. तुमचा मंत्र ठरलेला, सुट्टीवर गावी आलात की दर वर्षी ऐकवायचात: "येत नाही त्याच्याशी झटापट करायची नाही. सोडायचं, सोपं आधी उरकायचं, शेवटी फिरून यायचं." बोर्डाला तो उपयोगी पडला होता. तुम्ही सांगावं आणि मी ऐकावं, आपलं तसंच होतं.

परीक्षा निघाली कॉम्प्युटरवर. पहिलेच प्रश्न हे एवढे लांबलचक. खाली 'माहीत नाही' असं बटण. म्हटलं, मागाहून बघू, आणि दाबलं. पुढचा प्रश्न सोपा आला. आणखी एक सोडला, तर त्याहून सोपा. मला काय आनंद! शेवटी शेवटी तर पाचवीची गणितं. सगळं उरकून मागे जायचं बटण शोधतेय, तर स्क्रीनवर थँक यू. तरी बाहेर येऊन मी तुम्हाला म्हटलं, "सोपी होती, अब्बा!" आणि तुम्ही लगेच आंब्याचा ज्यूस आणायला धावलात.

तासाभरात निकाल लागला. सगळ्यात खालचा, तयारीचा वर्ग. काउंटरवरची मल्याळी बाई बिचारी समजावून सांगत होती, "अंकल, नहीं आता दबाया, तो मशीन आसान सवाल देगा, लेवल नीचे जाएगा. पीछे जाने का नहीं है." तुम्ही माझ्यावर खेकसलात, "डोकं घरी ठेवून आली होतीस?" आणि मीही तिथंच, सगळ्यांसमोर ओरडले, "तुम्हीच तर सांगितलं होतंत सोडायला!"

तुमचा चेहरा पडला. मग तुम्ही त्या बाईकडे वळलात. "मॅडम, मिस्टेक माय. नॉट हर. वन मोर चान्स." ती म्हणाली, "नेक्स्ट टर्म, इन्शाल्ला." तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, पुन्हा, आणि मागची पोरं हसायला लागली. मला जीव नकोसा झाला होता.

डिप्लोमा अर्धाच राहिला. त्याचं रडून झालं. पण त्या दुपारनंतर तुम्ही मला काही सांगायचंच सोडलंत, अब्बा. आधी बस कुठली पकडायची, कोळंबी कशी पारखायची, कुणाला सलाम करायचा आणि कुणाला नाही, सगळ्यात तुमचं तोंड आधी. नंतर काहीही विचारलं की एकच, "तुझं तुला कळतं." स्थळ आलं तेव्हा तेच. मला दुबईत नोकरी लागली तेव्हाही तेच. अम्मी म्हणायची, तू शहाणी झालीस म्हणून. कसली शहाणी! तुम्ही घाबरला होतात. आपल्या शब्दाने पोरीचं पुन्हा काही बिघडेल, म्हणून.

शेवटी रत्नागिरीच्या दवाखान्यात तुमच्या खाटेशी बसून मी विचारलं, "अब्बा, रजा संपली. जाऊ की थांबू?" तुम्ही पाणी मागितलंत, दोन घोट घेतलेत. मग म्हणालात, "तुझं तुला कळतं." मी बॅग उचलली. दुबईला उतरले आणि दवाखान्यातून भावाचा फोन आला.

हे कागद कुठे पाठवणार आता? उशीखाली घालीन, नाहीतर फाडून टाकीन. एवढंच सांगायचं राहिलं होतं: रजा वाढवून मिळत होती, अब्बा. मला थांबायचंच होतं. पण मी हटून बसले होते, की या वेळी तुम्हीच सांगावं.