पेलिकन जिंकले तो शनिवार

वादी अदाई, मस्कत
शुक्रवार, १२ ऑक्टोबर २००१

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

फोन तू उचलतेस आणि माझा आवाज ऐकून ठेवतेस, म्हणून लिहायला बसले. खालच्या मजल्यावरच्या नूरबानूभाभींची मुलगी नौशीन उद्या मुंबईला चाललीय, ती तिथून स्पीडपोस्टने टाकील. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

आम्ही इथे ठीक आहोत. अफगाणिस्तानातल्या लढाईच्या बातम्या ऐकून काळजी करू नका. बाजार उघडा आहे, शाळा चालू आहेत, ऊन मात्र अजून उतरलेलं नाही. श्वेता चौथीत आहे. तिचं मराठी म्हणजे आनंदीआनंद, आजीच्या फोटोसमोर बसली तीसुद्धा इंग्रजीतूनच रडली. भाऊजींचं ब्लडप्रेशर कसं आहे? त्यांना मीठ कमी दे.

आता गेल्या महिन्याचं. त्या आठवड्यात इकडच्या टेलिफोनच्या लाइनी खराब होत्या, त्यामुळे तुझा निरोप आम्हाला वेळेवर

नाही ताई. लाइन नीट होती. हे वाक्य यांनी मला सांगून ठेवलेलं आहे आणि मी शहाण्या बायकोसारखं ते लिहायलाही लागले. खोडत नाही, राहू दे तसंच. आमच्या घरात काय काय शिजतं ते तुला कळायला हवं.

सुरुवातीपासून सांगते.

यांच्या ऑफिसातले मोठे साहेब कॉलिन, मेलबर्नचे. सगळं आयुष्य रस्ते बांधण्यात गेलं, पण जीव अडकलेला तिकडच्या फुटबॉलमध्ये. आपला फुटबॉल नव्हे, त्यांचा वेगळाच. चेंडू नारळासारखा लांबट, एकेका बाजूला अठरा आडदांड गडी, बिनबाह्यांची बनियनं घातलेले. चेंडू हातात घेऊन पळायचं, लाथेने उडवायचा, आणि झेलण्यासाठी दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढायचं, तेही चालतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. म्हणजे नेम चुकला तरी पदरात काहीतरी पडतंच. ही गोष्ट मला आवडली होती, खोटं कशाला बोलू.

साहेबांच्या क्लबचं नाव पेलिकन. चोचीखाली पिशवी लोंबणारा पाणपक्षी असतो ना, तो. साहेबांच्या जन्मापासून हा क्लब एकदाही चॅम्पियन झालेला नव्हता. आपल्याकडे शनिवारी सुट्टीची हवा असते, इथे तो कामाचा पहिला दिवस. तिकडच्या दुपारच्या मॅचला इथे सकाळचे आठ वाजतात. म्हणून साहेबांनी गच्चीवर मोठी तबकडी आणि मीटिंगच्या खोलीत टीव्ही लावून घेतला. झालं. मार्चमध्ये ज्यांना पेलिकन पक्षी की मासा हे माहीत नव्हतं, ते आपले सगळे इंजिनियर एप्रिलपर्यंत खेळाडूंचे दुखरे गुडघे ओळखायला लागले. साहेब हसले की हसायचं, साहेबांनी कपाळाला हात लावला की सगळ्यांनी लावायचा. आणि आमचे हे सगळ्यांच्या पुढे. छातीवर पेलिकन छापलेलं बनियन, गळ्यात लोकरीचा मफलर. मस्कतच्या उन्हात, ताई. मानेवर घामोळं उठलं, त्यावर मी पावडर लावत होते.

पहिल्या तीन मॅच पेलिकन हरले. चौथी आली १४ एप्रिलला. बाबासाहेबांची जयंती. तुला माहीतच आहे, जयंतीला मी दरवर्षी आलुबोंडे करते आणि एक डबा यांच्या ऑफिसात जातो. त्या दिवशी साहेबांनी विचारलं, हे काय? शेजारी रमण उभा होता. रमण म्हणजे यांच्याच हुद्द्याचा माणूस, सोहारच्या रस्त्याच्या मोठ्या जागेवर दोघांचाही डोळा. यांनी काय सांगावं? "सर, फॉर युवर टीम. गुड लक." आणि पेलिकन नेमके जिंकले.

हे मला त्यांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं, हसत हसत. मी म्हटलं, आज जयंती आहे एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही?

"रमणसमोर जयंती कशाला काढायची? मग तो आडनाव उकरत बसेल."

त्या दिवशी मला पहिल्यांदा शिसारी आली. पण नवऱ्याची शिसारी आली म्हणून बाई काय करते? भांडी घासते. मी घासली.

मग चटकच लागली. साहेबांच्या देशात म्हणे असं असतं, क्लब जिंकत असला की काही बदलायचं नाही, तेच मोजे, तीच खुर्ची. त्यात आता आलुबोंडे. दर शनिवारी पहाटे उठून मी तळणार, हे गरम डबा घेऊन जाणार, आणि पेलिकन जिंकणार. मे महिनाभर जिंकले, जूनभर जिंकले. तक्त्यावर तळातून निघून वरती पोचले. मॅच संपली की यांचा फोन यायचा, "जिंकलो!" जणू नागपूरचा कुणी धावला होता मैदानात.

जुलैत तुझा फोन आला, आईला लकवा मारला म्हणून. त्या शनिवारी माझे हात चालेनात, मी कढई ठेवलीच नाही. आणि पेलिकन हरले. हे संध्याकाळी घरी आले ते तोंड पाडून. आईची चौकशी केली, नाही असं नाही. पण जेवताना म्हणाले, "चार बोंडे तळले असतेस तर काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, मला पासपोर्ट आणून द्या, मी नागपूरला जाते. इथे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात. साहेबांनी हो म्हटल्याशिवाय हलता येत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आणला की साहेब म्हणाले, मिसेसना सप्टेंबरपर्यंत कुठेही पाठवायचं नाही. मी साहेबाला काय काय शिव्या घातल्या असतील! गोरा तो गोराच, म्हटलं, त्याला काय आईबाप. तू ऑगस्टमध्ये सांगितलंस की आई उठून बसते, चार घास खाते. मी तेवढ्यावर मन बांधून राहिले. दर शनिवारी तळत राहिले. आईची आठवण आली की गॅस बारीक करायची, बस.

सप्टेंबरात बाद फेरीच्या मॅच झाल्या. त्यातली एक मॅच पेलिकन एकाच गुणाने जिंकले, त्या फटीतल्या एका गुणाने. साहेब खोलीत सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले म्हणे. शेवटची मॅच २९ तारखेला, शनिवारी. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना बायकामुलांसकट मदिनत काबूसच्या आपल्या बंगल्यावर बोलावलं.

आता ते येतं, जे मी इतका वेळ पुढे ढकलतेय.

गुरुवारी दुपारी तू फोन केलास तेव्हा मी खाली नूरबानूभाभींकडे शिवण टाकायला गेले होते. फोन यांनी उचलला. तू यांना सांगितलंस की आई गेली. यांनी तुला सांगितलं की लीलाला मी कळवतो, कसं पाठवता येईल ते बघतो, तुम्ही थांबा. मी वर आले तर हे टीव्हीसमोर बसलेले. कुणाचा फोन वाजला होता म्हणून मी विचारलं. राँग नंबर, म्हणाले.

शुक्रवारी आम्ही मत्राहच्या बाजारात गेलो. बटाटे यांनी निवडून घेतले, हिरवट नकोत म्हणून एकेक फिरवून बघितला. संध्याकाळी माझ्या शेजारी पाटावर बसून उकडलेले बटाटे सोलून दिले. इतक्या वर्षांत कधी एक कांदा सोलला नव्हता. मला बरं वाटलं, ताई. मी त्यांना म्हटलं, आईला फोन लावून सांगायला पाहिजे, जावई बटाटे सोलतोय. तर म्हणाले, उद्या लावू.

इथून पुढे त्याला ‘हे’ म्हणवत नाही. लहू म्हणते.

शनिवारी बंगल्यावर पन्नासेक माणसं. साहेबांच्या बाईने बोंड्यांचा थाळा टीव्हीजवळ नेऊन ठेवला. मॅच अटीतटीची. चौथ्या, शेवटच्या भागात पेलिकन मागे होते, मग एका पोरगेल्या खेळाडूने कुणाच्या तरी खांद्यांवरून उडी मारून चेंडू झेलला आणि शांतपणे मधल्या खांबांतून मारला. पांढऱ्या कोटातल्या पंचाने दोन बोटं पुढे केली, म्हणजे सहा गुण. भोंगा वाजला. साहेब गालिच्यावर गुडघे टेकून बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. लहू त्यांना मिठी मारून रडत होता. मीही टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. साहेबांनी माझे हात हातात घेऊन आभार मानले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, सोहारचं काम लहू बघेल.

परत येताना गाडीत त्याने सांगितलं. मफलर गळ्यातच होता.

"एक वाईट बातमी आहे. आई गेल्या. गुरुवारी."

मी विचारलं, तुला केव्हा कळलं? श्वेता मागे बसलेली. तो म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तू आज आली असतीस का? आणि जाऊन तरी काय, गेलेलं माणूस परत येणार होतं?"

घरी पोचल्याबरोबर मी तुला फोन लावला. तू एवढंच बोललीस: "शुक्रवारी दुपारपर्यंत बर्फावर ठेवलं होतं आईला. लीला येते म्हणून. काहून नाही आली तू?" आणि ठेवून दिलास. तेव्हापासून ते वाक्य कानातून जात नाही. तू वाट बघत होतीस, आई वाट बघत होती, आणि मी त्या वेळी बाजारात मिरच्या निवडत होते. जिरं जास्त घालावं का, याचा विचार करत होते.

मी रडलेसुद्धा नाही. मोरीत जाऊन हात घासत बसले. हातांना तेलाचा वास येत होता, साबण लावला तरी जाईना. नूरबानूभाभी वर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. "तू निज गो, पोरीला मी जेवायला घालतंय," म्हणाल्या आणि श्वेताला खाली घेऊन गेल्या.

रविवारी मी टॅक्सी करून लहूच्या ऑफिसात गेले. साहेबांच्या खोलीत शिरले आणि म्हटलं, माझा पासपोर्ट द्या, माझी आई वारली. त्यांना समजेच ना. म्हणाले, तुमच्या आई तर जुलैतच बऱ्या झाल्या होत्या? लहूने त्यांना तसंच सांगितलं होतं. आणि हेही, की मिसेस स्वतःच म्हणते, फायनल झाल्याशिवाय मी कुठेच जाणार नाही. सप्टेंबरचं ते वाक्य साहेब खरंच बोलले होते, पण थट्टेने, बोंडा खाता खाता. आई अजून आजारी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. पासपोर्ट त्यांच्याकडे कुणी कधी मागितलाच नव्हता.

त्यांनी लहूला बोलावून विचारलं, हे खरं का?

ताई, तो हसला. साहेबांकडे बघून, मान जराशी वाकडी करून, हात एकमेकांत चोळत. काहीतरी गैरसमज झालाय सर, म्हणाला. बटाटे सोलले ते मी विसरले असते कदाचित, बायका काय काय विसरतात. ते हसू विसरता येणार नाही. माझ्या आईच्या मरणावर तो साहेबाला खूश ठेवत होता.

मग मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबांना सांगितलं की पहिल्या शनिवारचा तो खाऊ तुमच्या क्लबसाठी नव्हता. आमच्या घरात ज्यांच्यामुळे पुस्तक आलं, त्यांचा तो वाढदिवस होता. माझ्या आईने बांधावर बसून पाटी गिरवली ती त्यांच्यामुळे, आणि हा माणूस इंजिनियर झाला तोही त्यांच्यामुळे. रमण दारात उभा होता, त्यानेही ऐकलं. ऐकू दे. लहूचं तोंड तेव्हा पांढरं पडलं. आईची बातमी सांगताना पडलं नव्हतं.

साहेबांनी कपाट उघडून माझा आणि श्वेताचा पासपोर्ट माझ्या हातात दिला. सॉरी म्हणाले, पुन्हा पुन्हा. मला त्यांचाही राग आला, पण तो वेगळा. आनंदात बुडालेल्या माणसाला आजूबाजूचं दिसत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

लढाईमुळे विमानांच्या जागांचा सगळा घोळ झालाय. मला आणि श्वेताला वीस तारखेचं मिळालं. सव्वीसला दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. लहू म्हणतो मीही येतो, दीक्षाभूमीवर जाऊ, आईंच्या फोटोला फुलं वाहीन, चार नातेवाइकांत बरं दिसेल. त्याला साहेबांनी रजा दिलेली आहे. माझ्यामागून तो येईल, ताई, मी त्याला ओळखते. पांढरा सदरा घालून, खाली मान घालून येईल, आणि तुमच्यासमोर खरंखुरं रडेलही. रडणं त्याला छान जमतं. भाऊजींना सांग, त्याला पाणी द्या, उन्हातून आलेल्याला पाणी द्यायचं असतं. पण त्याला आईच्या फोटोपर्यंत जाऊ देऊ नका.

तू मला माफ कर असं म्हणत नाही. तू बर्फ आणायला माणूस पाठवत होतीस, तेव्हा मी इथे बोंड्यांचा बाजार करत होते, हे खरंच आहे. कुणामुळे ते तुला आता कळलं. घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव. नाही घेतलंस तर मी कॉलेजातल्या रचनाताईच्या खोलीवर उतरेन, तिला विचारलं आहे.

पण घेतलंस, तर एक कर. माहेरी आलेल्या बाईने चपला काढल्या की शेजारीपाजारी सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात. इतरांना मी काहीबाही सांगेन. तू तेवढं विचारू नकोस, परत कधी जाणार.

तुझी,
लीला