साहेबाच्या चहापुरता पांढरा धूर

बाबा, तुम्ही गेले तेव्हा जो तो येऊन सांगत होता, फार साधा माणूस होता म्हणून. मेलेल्या माणसाले नावं ठेवू नये म्हणतात. पण साहेब दिसला की ज्याची मान आपोआप वाकायची, त्याच्याबद्दल गोड बोलायचं तरी काय?

सिलतऱ्याच्या त्या स्पंज आयर्न प्लांटात तुम्ही ईएसपी सांभाळत होते. चिमणीत जायच्या आधी धुरातली धूळ विजेनं ओढून घेणारं ते यंत्र. वीज फार खाते, कमी चालवा, असं मालक म्हणे, आणि तुम्ही ‘हव साहेब’ म्हणून कमी चालवत. राज्य नवं, राजधानी नवी, खुर्च्याही नव्या, त्यांत बसलेले मात्र तेच जुने खादाड. प्रदूषण तपासणाऱ्या साहेबाची जीप आली की गेटवरून फोन यायचा, तुम्ही बटण फिरवून यंत्र पूर्ण जोरात लावायचे, अन् ऑफिसात चहा-समोसे जायचे. साहेबाचा चहा संपेपर्यंत धूर पांढरा. जीप वळली की पुन्हा काळा. इकडे भनपुरीत घरी आई गच्ची धुऊन कुरड्या घालायची, वरून लुगडं झाकायची, तरी कुरड्या राखाडीच निघायच्या. रात्रभर तिची छाती घरघरे अन् तुम्ही बाजूले बसून तिची पाठ चोळत. बटण फिरवणारा तो हात पाहून मले किळस यायची, खरं सांगते.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टले प्लांटात जागा तुम्हीच मिळवून दिली. यंत्रात वीज ठोक्याठोक्यानं जायची. दर ठोक्यात ती किती वेळ चालू अन् किती वेळ बंद, हे माझा मायक्रोकंट्रोलर मोजायचा आणि चालू वेळेचा टक्का वायरीनं कंट्रोल रूमच्या कम्प्युटरले पाठवायचा. कम्प्युटर त्याची रेघ काढायचा. रेघ वर, म्हणजे यंत्र धूळ पकडून राहिलं. रेघ खाली, म्हणजे नुसतं नाटक. पहिल्या दिवशी दिवसभर ती तळाशी लोळत होती.

“बाबा, हे काय करून राहिले तुम्ही? आईचा दमा दिसत नाही काय?”

“पोट्टे, नोकरी गेली तर तिच्या औषधाले कोण देईल? तुहा कॉलेजवाला?”

भित्रा तो भित्राच, मी मनात म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी जीप आली. फोन वाजला, रेघ टणकन वर गेली. अन् तुम्ही, शहाणे, साहेबाले चहासकट कंट्रोल रूममध्ये घेऊन आले! “मेरी लड़की ने बनाया है, साहब. देखिए ना.” कपाळ माझं! सकाळपासून लोळलेली रेघ अन् जीप गेटवर आल्या मिनिटाची उडी, सारं पडद्यावर उघडं. साहेबानं पाहिलं, मागं उभ्या मालकाकडे पाहिलं, समोसा गिळला. “बहुत बढ़िया, बेटी. अब इसे बंद कर दो.” झाली तपासणी! थू अशा साहेबकीवर.

मालकानं तुम्हाले त्याच हप्त्यात ट्रक तोलायच्या काट्यावर बसवलं, भर उन्हात. मी घरी ओरडली, “अक्कल गहाण ठेवली होती काय? पोरीची शायनिंग मारायची हौस फिटली?” आई म्हणाली, “या माणसाले कुठं काय दाखवावं हे कधी समजलंच नाही.” तुम्ही वरण-भात कालवत राहिले.

आई आता माझ्याजवळ शंकर नगरले राहते. आल्यागेल्या पाहुण्यायले तो किस्सा अजून रंगवून सांगते. सगळे हसतात, मीही हसते.

हे पत्र मी तिले वाचून दाखवणार नाही. एक गोष्ट मी तिले कधी सांगितलीच नाही. जीप यायच्या आदल्या संध्याकाळी, घरी निघताना, तुम्ही त्या कम्प्युटरपुढं बराच वेळ उभे होते. मग मले विचारलं, “यात मागची रेघही दिसते काय?”

मी म्हटलं, “हो, सगळं दिसते.”

तुम्ही म्हटलं, “मग राहू दे तसंच.”