कोंबडीखालच्या नळ्या

१४ जाने. १९२८, जोयडा
शेजारच्या गोदीच्या गणूला पुन्हा ढाळ. तिचे आदले मूल असेच गेले. झऱ्याचे पाणी काचेसारखे. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबायचे नाही, हे कॉलेजात शिकले त्याला तीस वर्षे झाली. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या नळ्या काढल्या. आत दुधाच्या साखरेचा द्राव, त्यात उलटी बारीक नळी. आतड्यातला बॅ. कोलाय हा जंतू पाण्यात असला तर साखर खाऊन वायू सोडतो, बुडबुडा अडकतो.

१५ जाने.
अंगाइतकी ऊब हवी. शेगडी बेभरवशाची. गोदीची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली आहे! तिच्याखाली दोन नळ्या. एक झऱ्याची, एक उकळलेल्या पाण्याची. मनगटाला चोच. गोदी म्हणते, "बाई, काचंची पिल्लं काढतायसा व्हय?"

१६ जाने.
बुडबुडा! झऱ्याच्याच नळीत. एकटीने टाळी वाजवली.
गोदीला सांगितले, हा जंतू तुझ्या पोटात आहे, माझ्याही.
"बामणाच्या पोटात बी?"
"कलेक्टरसाहेबाच्यासुद्धा."
पदरात तोंड घालून हसली. पोटात असला तर बिघडत नाही, कदाचित उपयोगीही. पाण्यात दिसला म्हणजे शेण वा विष्ठा उतरते आहे. त्याच वाटेने रोगही. पण कुठून? झऱ्याला कुंपण आहे, गुरे येत नाहीत...

१७ जाने.
सापडले! पहाटे गोदी झऱ्याचा काठ शेणाने सारवत होती. देवीची जागा म्हणून रोज; गणू आजारी पडल्यापासून दोनदा. हात तिथेच धुतले.
"बंद कर."
"आदलं पोर गेलं ते सारवण चुकलं म्हणून. सासू म्हणती."
माझा आवाज चढला. ती हटली नाही.

१९ जाने.
ठरले. नव्या पाण्याची नळी बघेपर्यंत झऱ्यावर फुले, रांगोळी चालेल, शेण नाही. गणूला उकळलेलेच पाणी.
"नळीत बुडबुडा न्हाई आला तरच ऐकीन. आला तर सारवणार."
"कबूल."
झरा उपसायला घेतला.

२५ जाने.
गणूने वाटीभर आंबील मागून घेतली! पाण्यामुळे की आपसूक, म्हणवत नाही. झऱ्याचे नवे पाणी कोंबडीखाली ठेवले.

२६ जाने.
उजाडता गोदीची सासू शेणाची पाटी घेऊन दारात. गोदी आडवी आली. "आत्याबाई, आदी काच बघूया."
कोंबडी उठेना. चोच खाऊन हात घातला. नळी गरम लागली. तिघी उजेडाकडे निघालो. आतली नळी द्रावाने भरलेली, बुडबुडा नाही.