डबीच्या घड्याळाप्रमाणे

ती. आत्या,

नमस्कार. हे पत्र तुझा संगणक तुला मोठ्यानं वाचून दाखवेल, म्हणजे माझ्याआधी तोच तुझ्याशी बोलणार. त्यालाही नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? पायऱ्या मोजून उतरतेस ना, की अजून गप्पांच्या नादात शेवटची विसरतेस? मी बरा आहे. वजन वाढलंय असं दोघातिघांनी सांगितलं. मला दिसत नाही, त्यामुळे माझा विश्वास नाही.

पत्रास कारण तुझी डबी. तू संगणकवाली झालीस आणि तुझी ब्रेलची डबी मला दिलीस, त्याला सहा वर्षं झाली. फोनवर पाण्याच्या तक्रारी टिपून घेण्याच्या माझ्या कामात तिच्यासारखी सोबत नाही. लिहायला सहा कळा, वाचायला ठिपके वरखाली होणारी पट्टी. पडदा नाही, आवाज नाही. माणूस तिकडून ओरडत असतो. कान त्याच्या हवाली करायचे आणि बोटांनी आपलं काम करत राहायचं. हे साहेबांना खपलं नाही. डबीतली टिपणं इतरांना वाचता येत नाहीत म्हणाले. (इतरांची मला वाचता येत नाहीत, अशी तक्रार मी कधी केली नव्हती.) त्यांनी मला बोलका संगणक दिला, आणि येत्या सोमवारी डबी कपाटात जमा करायला सांगितलं आहे. माझ्या घरची आहे, हे सांगून पाहिलं. मग घरी ठेवा, म्हणाले.

संगणक वाईट नाही. त्याला सगळं येतं, गप्प बसणं सोडून. एका कानात तो, दुसऱ्या कानात तक्रारदार. पहिल्याच दिवशी, नळाला तीन दिवस पाणी नसलेल्या एका बाईंना मी त्याचं वाक्य अदबीनं ऐकवलं : हे कायमचं पुसून टाकायचं आहे का? त्या मग म्हणाल्या, "थांबा, घरात विचारते." शिवाय पडदा मी काळाच ठेवतो, दिवाही लावत नाही; मला दोन्ही कशाला? त्यामुळे दार उघडणाऱ्याला अंधारात काळ्या पडद्यासमोर बसून टाइप करणारा, मधेच हसणारा माणूस दिसतो. शिपाई हल्ली चहा उंबऱ्यावर ठेवून जातो.

या सगळ्याचा राग येऊन मी डबी खणात टाकली. (रुसायचं होतं संगणकावर, रुसलो डबीवर. आपल्या घराण्याची पद्धत.) तीन आठवड्यांत तिची बॅटरी पार उतरली. मागच्या महिन्यात चार्ज करून टेबलावर ठेवली, आणि दुपारी दोन वाजता ती थरथरली. पट्टीवर बोट नेलं तर ओळ होती : गोळी पांढरी, लहान. मी गोळ्या घेत नाही. चारला पुन्हा थरथरली. पाणी कोमट. सहाला, मी निघायच्या बेतात असताना : हळू चाल, झोपलेत.

मी हळू चालत बाहेर पडलो. का, ते विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओळ आली : दाराशी जाऊन श्वास ऐक. मी उठलो, शेजारच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि ऐकला. श्वास होता. लांब, जड, मधेच अडकणारा. तेवढ्यात श्वास थांबला आणि फायली सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय हवंय?" त्या जेवणानंतर टेबलावर डोकं टेकतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी खरं ते सांगितलं, "काही नाही, श्वास ऐकत होतो." आठवडाभर त्यांनी दार लावून घेतलं. आता उघडं ठेवतात. परवा मला उशीर झाला तर म्हणाल्या, "आज ऐकून गेला नाहीत ते?"

संगणक दुरुस्त करणारा आला होता, त्याला डबी दाखवली. बॅटरी पूर्ण मेली की हिचं घड्याळ पुसलं जातं, म्हणाला, आणि ती पहिल्यांदा सुरू केली त्या दिवसापासून पुन्हा मोजू लागते, म्हणून तेव्हा घातलेल्या सूचना पुन्हा येतात. अर्ध्या मिनिटात नीट करतो. मी डबी इतक्या जोरात ओढून घेतली की त्याचं बोट चेमटलं.

तो दिवस कुठला, ते तुला सांगायला नको. काकांच्या आजारपणात औषधांच्या वेळा लक्षात राहाव्यात म्हणूनच तू डबी घेतली होतीस. माझी परीक्षा होती, मला कुणी कळवलं नाही. चौथ्या दिवशी पोचलो तेव्हा खुर्च्या जागेवर नव्हत्या. मी दोनदा आपटलो आणि मग मला समजलं.

आता रोज समजतं. गेल्या आठवड्यापासून पांढरी गोळी बंद आहे. ओळी आखूड झाल्यात. काल फक्त : हात धर. पुढच्या तारखा चाळून पाहता येतात, पण मी चाळत नाही. शनिवारी ती तारीख येते. डबीच्या घड्याळाप्रमाणे आज काका आहेत.

तुझा संगणक हे वाचताना अडखळणार नाही. कुठल्याच ओळीला त्याचा आवाज बदलत नाही, हा त्याचा आणि डबीचा खरा फरक. गुडघ्यांना जप.

तुझा,
भाचा

ता. क. : रजेचा अर्ज संगणकावर लिहिला. कारण : काका अत्यवस्थ. कानातल्या यंत्राची वायर निसटली होती, त्यामुळे त्यानं तो सगळ्या कचेरीला वाचून दाखवला. साहेब खुर्चीतून उठून आले. "जा लगेच," म्हणाले, "डबीचं नंतर पाहू." बाईंनी दारात गाठून हळूच विचारलं, "तुमचे काका तर कधीच गेले ना?" मी म्हटलं, शनिवारी.

आणखी एक : पत्र संपवताना डबी थरथरली. भाच्याला आज कळवायचं. ही ओळ पहिल्या दिवसापासून रोज येते. तू ती रोज पुढे ढकललेली आहेस. इतके दिवस मीही ढकलत होतो. आज 'झालं' असं दाबलं.

कळलं, आत्या. संध्याकाळच्या गाडीनं निघतो. खुर्च्या हलवू नकोस.